राखून ठेवलेलं उड्डाण

ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर मेघना ओव्हाळ एकटीच राहायची. कॉलेजात गणित शिकवायची. वय एकोणचाळीस. लग्न केलं नव्हतं, आणि कोपरच्या घरी आता तो विषय कोणी काढतही नसे. कोपरला तिचे आईवडील. वडिलांना सगळे आबाच म्हणत. मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली होती. आई, मीराबाई, तिथल्याच एका दवाखान्यात आया होती. दोघांच्याही पाळ्या चालायच्या. त्यामुळे मेघनानंतर बारा वर्षांनी रत्नदीप झाला तेव्हा त्याला आंघोळ घालण्यापासून बालवाडीत सोडण्यापर्यंत सगळं तिच्याच अंगावर आलं. तिला त्याचा कधी जाच वाटला नाही. त्याला पाढे शिकवताना आपल्याला शिकवता येतं, हे तिला पहिल्यांदा कळलं होतं.

रत्नदीप बारावीनंतर सैन्यात गेला, नर्सिंग असिस्टंट म्हणून. उत्तरेकडच्या उंच चौक्यांवर डॉक्टर नसतो. दहा-बारा जवानांमागे असा एक शिकवलेला माणूस असतो. ताप बघायचा, इंजेक्शन द्यायचं, ऑक्सिजनची नळकांडी सांभाळायची, आणि कोणाचं जास्त झालं तर खाली वायरलेसवर कळवायचं, हे त्याचं काम.

मेघनाचा त्या डोंगरांशी संबंध आला तो भावामुळे नव्हे. तिची पीएचडी डायनॅमिक प्रोग्रॅमिंगवर होती. एकामागून एक घ्यायच्या निर्णयांची साखळी असेल, आणि आजच्या निर्णयानं उद्याचे मार्ग उघडणार किंवा बंद होणार असतील, तर शेवटच्या दिवसापासून मागे मागे येत हिशेब करायचा, अशी ती पद्धत. एका परिषदेत तिचा निबंध ऐकून लष्कराच्या एका विभागातले कर्नल तिला चहाच्या वेळी येऊन भेटले. त्यांनी प्रश्न सरळ मांडला. बर्फानं वाटा बंद झाल्या की वरचा आजारी माणूस फक्त हेलिकॉप्टरनंच खाली येतो. हेलिकॉप्टर एकच. तेवढ्या उंचीवर ते एका खेपेला एकालाच उचलतं. ठरावीक तास उडालं की तपासणीसाठी त्याला चार दिवस जमिनीवर ठेवावंच लागतं. हवेचा नेम नाही. अशा वेळी हातात तीनच उड्डाणं उरली असतील, तर आज समोर असलेल्या आजाऱ्यासाठी एक वापरायचं, की उद्या कोणी याहून गंभीर निघाला तर म्हणून राखायचं? आजवर हे ड्युटीवरचा अधिकारी ठरवायचा, आणि ठरवलेलं जन्मभर उरावर घेऊन फिरायचा. कर्नलना ते ओझं माणसावरून काढून कागदावर ठेवायचं होतं.

मेघनाला प्रश्न आवडला. पुढे हा 'आवडला' शब्द तिला फार छळणार होता, पण तेव्हा आवडला हे खरं.

दोन वर्षं तिनं त्यावर काम केलं. हिवाळ्याचा शेवटचा दिवस धरला. त्या दिवशी उड्डाण राखून ठेवण्यात अर्थच नसतो, जो आजारी असेल त्याला आणायचं. मग त्याच्या आदला दिवस. तिथे आजच्या आजाऱ्याचा जीव आणि उद्या येऊ शकणाऱ्या आजाऱ्याचा जीव तराजूत घालायचे. मग त्याच्या आदला. असं मागे येत येत डिसेंबरपर्यंत पोचायचं. जुन्या बारा हिवाळ्यांच्या नोंदी तिला मिळाल्या होत्या. आजाऱ्यांचे तीन वर्ग केले. पहिला वर्ग म्हणजे आज आणलं नाही तर जीव जाईल. दुसरा वर्ग दोन दिवस थांबू शकतो. तिसरा नेहमीच्या फेरीत आला तरी चालेल. अधिकाऱ्यांसाठी वेगळा आकडा ठेवायचा का, असं एका बैठकीत कोणी विचारलं, तेव्हा तिनं ठाम नकार दिला. अधिकारी असो की शिपाई, माणसाचा आकडा एकच राहील, नाहीतर मी काम सोडते, असं ती म्हणाली. तिचं ऐकलं गेलं. तिला त्याचा अभिमान होता. शेवटी एक तक्ता तयार झाला. किती उड्डाणं हातात, हवा कशी, कोणत्या वर्गाचे किती आजारी, एवढं बघायचं आणि 'जा' किंवा 'थांबा' वाचायचं. पहिल्याच हिवाळ्यात आदल्या वर्षांपेक्षा कमी माणसं दगावली. कर्नलनी मुद्दाम फोन करून सांगितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात रत्नदीपची बदली झाली ती नेमकी त्याच डोंगरांत. ऑक्टोबरमध्ये तो रजेवर आला, तेव्हा कोपरच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून भाऊबहीण बोलत उभे होते. आई-आबा बाहेर टीव्ही बघत होते. वर्गवारीचा फॉर्म आता त्यालाच भरायचा होता, आणि तो फॉर्म बहिणीनं केलाय हे कळल्यावर त्याला फार गंमत वाटली होती. त्यानं खोदून खोदून विचारलं. कोणी मुद्दाम वरचा वर्ग लिहिला तर काय, हेही विचारलं.

"तर सगळंच कोलमडेल," मेघना म्हणाली. "प्रत्येक जण आपल्या माणसासाठी पहिला लिहायला लागला, तर तक्त्याला खरा पहिला कळणारच नाही. शंका असेल तेव्हा खालचा वर्ग लिहायचा रत्नू. बाकीचं तक्ता बघतो."

तो हसला आणि म्हणाला की ताई अजून पाढेच घेतेय. मग त्यानं कढईतलं एक वांग्याचं काप उचललं, आणि विषय बदलला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो परत गेला.

जानेवारीच्या सोळा तारखेला संध्याकाळी आबांचा फोन आला. शेजारच्या आवडाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं. वरच्या चौकीवर विरळ हवेनं रत्नदीपच्या छातीत पाणी झालं. दोन दिवस ढगांमुळे हेलिकॉप्टर उतरलं नाही. दुपारी गेला.

त्याला आणलं तेव्हा कोपरला स्टेशनपासून बिल्डिंगपर्यंत माणसंच माणसं होती. ज्यांनी रत्नदीपला कधी पाहिलंही नव्हतं अशांचे फोटो त्याच्या फोटोखाली लावलेले बॅनर रातोरात नाक्यावर चढले होते. भंतेजींनी त्रिसरण, पंचशील म्हटलं. बंदुकांची सलामी झाली. जवानांनी घडी घातलेला तिरंगा आबांच्या हातात दिला, तेव्हा तो कुठे ठेवायचा हे न कळून ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मीराबाईंनी हंबरडा फोडला नाही. त्या येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, ढग किती दिवस होते, खरंच दोन दिवस होते का.

मेघनाला ढगांचं उत्तर पुरत नव्हतं. छातीत पाणी एका तासात होत नाही. ढग यायच्या आधीचा एक दिवस असणार, आणि त्या दिवशी कोणीतरी तक्ता उघडून पाहिला असणार. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर तिनं कर्नलना फोन केला आणि त्या आठवड्याची नोंद मागितली. ते म्हणाले की मॅडम, ती तुम्ही बघू नका. तिनं पुन्हा मागितली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाठवली.

नोंद एका पानाचीही नव्हती. चौदा जानेवारी, हवा स्वच्छ. हातात तीन उड्डाणं. रत्नदीपच्या चौकीवरून एक आजारी, वर्ग दुसरा. तक्ता म्हणाला, थांबा. पंधरा जानेवारी, सकाळी रत्नदीपच्या चौकीनं वर्ग बदलून पहिला कळवला, पण त्या खोऱ्यात ढग भरलेले. पलीकडच्या खोऱ्यातली हवा मोकळी, तिथल्या एका चौकीवर दोन आजारी, दोघेही पहिल्या वर्गाचे. तक्ता म्हणाला, जा. दोन उड्डाणं. सोळा जानेवारी, पलीकडेच आणखी एक, पहिला वर्ग. जा. तिसरं उड्डाण. मग तास भरले आणि हेलिकॉप्टर तपासणीला गेलं. चौदा तारखेच्या ओळीत, फॉर्म कोणी भरला या रकान्यात आजाऱ्याचंच, रत्नदीपचंच नाव होतं.

ती तो कागद घेऊन कॉलेजात रिकाम्या वर्गात बसली. तिला चूक हवी होती. स्वतःची चूक माणूस इतक्या आशेनं कधी शोधत नसेल. आठ दिवस तिनं संगणक बाजूला ठेवून हातानं आकडे मांडले, मार्चअखेरपासून मागे मागे येत चौदा जानेवारीपर्यंत. हवामानाचा अंदाज बदलून पाहिला. दुसऱ्या वर्गाचा धोका दीडपट धरून पाहिला. दर वेळी फळ्यावर तेच उत्तर उतरलं, थांबा. आणि पुढे जे घडलं त्यानं ते उत्तर खरंही केलं होतं. चौदाला एक उड्डाण रत्नदीपसाठी वापरलं असतं, तर सोळा तारखेच्या त्या माणसासाठी उरलंच नसतं. कॉलेजच्या शिपायानं येऊन सांगितलं की मॅडम, दुसरी बॅच बाहेर उभी आहे, तेव्हा तिनं फळा पुसला आणि त्या मुलांना इंटिग्रेशन शिकवलं.

घरी तिनं यातलं काही सांगितलं नाही. ती लष्करासाठी काही हिशेबाचं काम करते एवढंच आबांना माहीत होतं. दर रविवारी ती कोपरला जायची, आईच्या गुडघ्यांना तेल लावून द्यायची, आबांच्या गोळ्या डबीत भरून ठेवायची, आणि परत यायची. सांगायचं ठरवूनच ती प्रत्येक वेळी जिना चढायची.

मार्चमध्ये एका रविवारी दुपारी दारात एक जवान उभा राहिला. साध्या कपड्यांत होता. चेहरा बर्फानं भाजून काळा पडलेला. रत्नदीपच्याच चौकीवरचा हवालदार तानाजी, कराडकडचा. रजेवर गावी निघाला होता. तो आधी रत्नदीपच्या फोटोसमोर उभा राहिला, मग आबांच्या पाया पडला आणि खुर्ची दिली असताना खाली जमिनीवर बसला. मीराबाईंनी त्याला सगळं विचारलं. काय खायचा, कुठे झोपायचा, शेवटी पाणी मागितलं का. तो सांगत गेला. तेरा तारखेला रत्नदीपला खोकला लागला. चौदाला सकाळी चार पावलं चालला तरी धाप लागत होती. मग त्यानं मेघनाकडे बघितलं.

"तुम्हीच ताई ना? तुमचं फार सांगायचा," तानाजी म्हणाला. "आम्ही सगळे म्हणालो, पहिला वर्ग लिही. सुभेदार साहेबही म्हणाले. तर म्हणाला, नाही, अजून नक्की सांगता येत नाही, मग दुसराच लिहायचा. खोटं लिहिलं तर ताईचा तक्ता बिघडतो. उद्या येईल हेलिकॉप्टर, ताईचं गणित आहे, चुकायचं नाही."

हे त्यानं कौतुकानंच सांगितलं. त्याचे डोळे भरून आले होते. आपण या घरात काय ठेवून चाललोय, याची त्याला सुतराम कल्पना नव्हती. चहा पिऊन, आबांचा हात बराच वेळ हातात धरून तो गेला.

दार लागल्यावर मीराबाईंनी विचारलं, "कसला तक्ता?"

मेघनानं सांगितलं. स्वयंपाकघरात ऑक्टोबरमध्ये जे बोलणं झालं होतं, तेही सांगितलं. काही राखलं नाही. आबा ऐकत राहिले. तिचं बोलून झाल्यावर म्हणाले, "मला दाखव. कागदावर करून दाखव."

ती वही घेऊन त्यांच्या शेजारी बसली. शेवटच्या दिवसापासून सुरुवात केली. आबांचं शिक्षण नववीपर्यंत, पण आयुष्य यंत्रांत गेलेलं. हेलिकॉप्टरचे तास भरले की थांबवावंच लागतं, हे त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. एका एका दिवसावर बोट ठेवून ते मागे येत होते. मध्येच थांबवून विचारत होते, हे का, ते का. प्रश्न नेमके होते. तिच्या विद्यार्थ्यांनी असे प्रश्न क्वचितच विचारले असतील. तासाभरानं बोट चौदा जानेवारीवर आलं.

"आणि या दिवशी त्याला आणला असता तर?"

"तर सोळाचा तो राहिला असता."

"कोण होता तो?"

"माहीत नाही आबा. कागदावर चौकीचा नंबर फक्त आहे."

मीराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मला दुसऱ्यांचं सांगू नकोस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला माझ्याचं सांग. तुझ्या शब्दावर थांबला ना तो? लहानपणी तू उभं राहा म्हणालीस की उभा राहायचा, तसाच थांबला."

गेले दोन महिने मेघना स्वतःला नेमकं हेच सांगत होती, फक्त इतक्या साध्या शब्दांत नाही. आबांनी वही मिटली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "बरोबर आहे गणित," ते म्हणाले. "बघितलं मी. पण परत मला बरोबर आहे असं सांगू नकोस."

त्या दिवसापासून मीराबाई तिच्याशी बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, दार बंद नाही. ताट वाढायच्या, पण बोलायचं ते आबांना उद्देशून, हिला अजून भात हवा का विचारा म्हणून. तेल लावायला गेली तर गुडघे पदराखाली घ्यायच्या. आबा हवापाण्याचं, पाण्याच्या टँकरचं, बिल्डिंगच्या मीटिंगचं बोलायचे. मेघना दर रविवारी जात राहिली.

एप्रिलमध्ये तिनं कर्नलना भेटून काम सोडते म्हणून सांगितलं. त्यांनी अडवलं नाही. फक्त विचारलं की तक्ता आम्ही वापरणारच, मग तो कोणाच्या हाती द्यायचा तेवढं सांगा. ज्याच्या हाती तो द्यायचा, त्याला रत्नदीपची चौदा तारीख कधीच कळणार नव्हती. त्याच्यासाठी ती एक ओळ असती, आणि तीही बरोबर ठरलेली. तिनं राजीनाम्याचा कागद परत पर्समध्ये ठेवला आणि दोन गोष्टी मागितल्या. आजारी माणसानं स्वतःचा वर्ग स्वतः लिहायचा नाही, खालच्या तळावरच्या डॉक्टरनं वायरलेसवर त्याचा श्वास ऐकून, प्रश्न विचारून लिहायचा. आणि शंका असेल तर खालचा नाही, वरचा वर्ग लिहायचा. दुसऱ्या अटीनं तक्ता थोडा ढिला होणार होता. काही उड्डाणं वाया जाणार होती, आणि एखाद्या वर्षी त्या वाया गेलेल्या उड्डाणापायी कोणीतरी राहूनही जाईल, हे ती जाणून होती. किती ढिला होणार ते तिनं उन्हाळाभर मोजलं, आणि आकडा कर्नलपुढे ठेवला. हे ओझं तुम्हाला परत माणसांवर टाकायचंय, ते म्हणाले. थोडं, ती म्हणाली. बैठका झाल्या, एकदा नामंजूर झालं, दुसऱ्यांदा मंजूर झालं. सप्टेंबरमध्ये नवा फॉर्म छापून गेला. त्याच्यावर कोणाचं नाव नव्हतं.

सोळा तारखेला वाचलेला तो माणूस कोण, हे तिनं एकदा कर्नलना विचारलं. ते सांगायला तयार होते. आयत्या वेळी तिनंच नको म्हटलं. नाव कळलं की आबांना सांगावं लागलं असतं, आणि मग आई-आबांच्या घरात तो अनोळखी मुलगा कायमचा येऊन बसला असता. पुढे कितीदा तरी तिला वाटलं, विचारून ठेवायला हवं होतं.

डिसेंबरमध्ये डोंगरातल्या वाटा बंद झाल्या. दुसऱ्या रविवारी मेघना कोपरला गेली, तेव्हा आबा खाली औषधं आणायला गेले होते. ती बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसली. आत मीराबाई मेथी निवडत होत्या. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा तो थेट तिच्यासाठी होता.

"यंदा वर कोणी आजारी आहे का?"

मेघनाला वाटलं, आपल्याला भास झाला. मग ती म्हणाली, "होता एक. शुक्रवारपासून."

"कितवा वर्ग?"

"दुसरा. आधी दुसरा होता. डॉक्टरांना शंका आली म्हणून पहिला केला."

मीराबाई हातातली जुडी तशीच घेऊन बाहेर आल्या. पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांच्या नखांत मेथीचा हिरवा रस आणि माती होती. "मग?"

"काल सकाळी आणला खाली. तसा फार काही नव्हता, एवढी घाई लागलीच असती असं नाही. पण आणला. बरा आहे."

मीराबाईंनी मान हलवली. दोनदा, तीनदा, जणू कोणी समोर बसून काही सांगतंय आणि त्यांना ते पटतंय. मग त्यांना एकदम रडू फुटलं. रत्नदीप गेल्यापासून त्या रडल्या असतील त्या एकट्याच, पोटच्या पोरीनंही ते पाहिलं नव्हतं.

"आपला पण दुसराच होता गं," त्या म्हणाल्या.

मेघना उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. मीराबाईंनी तिला जवळ घेतलं नाही. पण त्या उठून आतही गेल्या नाहीत. मेथीची जुडी दोघींच्या मध्ये पलंगावर पडून राहिली, आणि जिन्यावर आबांच्या चपलांचा आवाज येईपर्यंत दोघी तशाच बसून होत्या.